पेजेच्या डोहात

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाच्या लेखी कर्जत म्हणजे एक बटाटेवडा. भोर घाट चढायला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात, त्याला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत वड्याचा घाणा संपतो. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. तेव्हापासून या गावाची ओळख थांब्याची आहे. शेजारच्या खालापूरचे नशीब त्याहूनही वाईट. ते पूर्वी घाटाच्या पायथ्याचे गाव होते, आता द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आहे. खिडकीची काच खाली करायची, टोल भरायचा, काच वर करायची, की झाले खालापूर!

परंतु या दोन तालुक्यांत उतरून, रस्ता सोडून, पायवाटेने खाली गेले की पाणी भेटते. पावसाळ्यात तर ते सगळीकडेच असते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. पण मी म्हणतो आहे ते पाणी डिसेंबरातले, एप्रिलातले. कर्जतकडे पेज नदी आणि खोपोलीकडे पाताळगंगा, या दोन्ही ऐन उन्हाळ्यात वाहत असतात, आणि त्याचे श्रेय वरुणराजाला नाही. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज काढली. पुढे १९२२ साली आंध्रा नदीचे पाणी तसेच भिवपुरीला उतरवले. वास्तविक हे सारे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करीत बंगालच्या उपसागराला जायचे. ते घाटाखाली लोटले गेले, चाके फिरवून झाली, आणि मग पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे व पेजेतून उल्हास नदीला मिळून कल्याणकडे निघाले. बदलापूर, अंबरनाथ, कल्याणचे लोक नळ सोडतात तेव्हा त्यात या पाण्याचा वाटा असतो. पेज म्हटले की मला भाताची पेज आणि तिच्यावर सोडलेले तूप आठवते, पण ही पेज तशी मवाळ नाही. वीजघर चालू झाले की ती चढते, बंद झाले की उतरते. पावसाचा थेंब नाही, आकाश निरभ्र, आणि घोट्याइतक्या पाण्यातला दगड पाहता पाहता दिसेनासा होतो.

या नदीकाठी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. कात केव्हाच संपला, जंगल दुसऱ्यांचे झाले, राहिली नदी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांच्या निमित्ताने अशाच एका वाडीशी माझा परिचय झाला. वाडीचे नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर पुढच्या रविवारी तिथे चार मोटारी उभ्या राहतील. तिथले एक वृद्ध गृहस्थ, त्यांना सगळेच बाबा म्हणतात, मीही म्हणतो, पाण्याच्या बाबतीत माझे गुरू झाले. माझे सगळे शिक्षण अर्थातच काठावरून झालेले आहे.

बाबा डोहात उतरतात तेव्हा अंगावर लंगोटी आणि कमरेला एक पिशवी, एवढाच सरंजाम असतो. पाण्यात आधी गुडघाभर उभे राहतात. तोंडावर पाणी मारतात. मग सावकाश श्वास घेऊन, कसलाही आवाज न करता, खाली जातात. सूर मारीत नाहीत. सूर मारणारा माणूस त्यांच्या मते बिनअकलेचा. खाली खडकांच्या कपारी असतात, त्यांत हात घालून मासा चाचपायचा, पोटाच्या बाजूने बोटे सरकवीत डोक्यापर्यंत न्यायची आणि कल्ल्यांपाशी दाबून धरायचा. कधी हातात एक लोखंडी टोकाची काठी असते. ती फेकायची नसते, कपारीत टोचायची असते. डोह दोन पुरुष खोल. (पाण्याची खोली ‘पुरुषां’त मोजण्याची आपली रीत मला फार आवडते. माणूस बुडेल की नाही, हे त्या मापातच सांगून टाकले आहे.)

चेहऱ्यावर पाणी मारण्याची ती सवय मला आधी धार्मिक वाटली होती. शास्त्र वेगळेच सांगते. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, हातापायांकडचे रक्त आखडते आणि असलेला प्राणवायू काटकसरीने वापरला जातो. सील माशापासून माणसापर्यंत सर्वांत हा गुण आहे. इंडोनेशियातले बाजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून मासे मारतात. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो, बुडी मारताच ती आकुंचन पावून तो साठा रक्तात सोडते. अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुले तर उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली युरोपियन मुलांच्या दुपटीने स्पष्ट पाहतात, असे २००३ साली आढळले. आणि गंमत अशी की स्वीडनमधल्या मुलांना सराव दिल्यावर त्यांनाही ते जमले. आपल्या पुराणात दुर्योधन जलस्तंभनविद्येने डोहात लपून बसला होता. त्याच्या प्लीहेची नोंद व्यासांनी ठेवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या शिबिरात एक विद्यार्थी आला तो पाठीवर लांबलचक पिशवी घेऊन. पोहण्यात पटाईत, विद्यापीठाच्या स्पर्धांतून बक्षिसे मिळवलेला, मनाने निर्मळ मुलगा. पिशवीतून निघाली ती नाकासकट डोळे झाकणारी काच, श्वासाची वाकडी नळी, बदकाच्या पायांसारखी रबरी वल्ही, आणि रबराच्या ताणावर चालणारी माशांची बंदूक. वाडीतली झाडून सारी पोरे जमली. बाबांनी बंदूक हातात घेतली, रबर ओढून पाहिले, टोकाला बोट लावले आणि मला विचारले, “मास्तर, ही माशाला लागंल का मानसाला?”

प्रश्न मोठा नेमका होता. ही सारी साधने दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी वाढली. पायांच्या रबरी वल्ह्यांचे पेटंट लुई द कॉर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली घेतले. त्याच सुमारास गाय गिलपॅट्रिक नावाचा एक अमेरिकन लेखक वैमानिकाचे जुने चष्मे लांबी भरून जलाभेद्य करून तिथल्या समुद्रात भाल्याने मासे मारीत असे, आणि १९३८ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. तो समुद्र स्वच्छ आणि ऐसपैस. भाला चुकला तर निळ्या पाण्यात विरून जाणार. पेजेच्या डोहात हिवाळ्यातही दहा-बारा फुटांपलीकडचे दिसत नाही आणि चारी बाजूंना काळा पाषाण. चुकलेला भाला खडकावर आपटून कुठे वळेल याचा नेम नाही, आणि काठावर पोरे उभी. बंदूक माझ्या खोलीत कुलपात गेली. मुलगा थोडा हिरमुसला, पण काच लावून पाण्यात शिरला.

काचेचे काम खरोखर चांगले असते. आपला डोळा हवेसाठी घडवलेला आहे. पाणी थेट बुबुळाला लागले की किरण वळेनासे होतात आणि सगळे धूसर दिसते. मध्ये हवेचा थर ठेवला की स्पष्ट दिसते, मात्र प्रत्येक वस्तू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि जवळ भासते. पाण्यात शिरलेल्या नवशिक्याने सांगितलेली माशाची लांबी म्हणूनच कधी खरी मानू नये. काठावरून पाहणाऱ्याची फसगत निराळी: मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून काठी त्याच्या खाली मारावी लागते. अर्जुनाला वरचा मासा खालच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहून मारायचा होता. तो पण कठीण खरा, पण पाण्यातलाच मासा काठावरून मारायचा पण असता तर द्रौपदीच्या स्वयंवरात कातकऱ्यांनीही गर्दी केली असती.

दुसरी गोष्ट नाकाची. नुसता डोळ्यांपुरता चष्मा लावून खोल जाऊ नये. पाण्याचा दाब वाढला की तो चष्मा डोळ्यांवर शोषला जातो आणि डोळ्यांत रक्त उतरते. काचेत नाक असले की नाकाने थोडी हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. कानांचेही तसेच. दहा मीटर खाली हवेचा दाब दुप्पट होतो, पण कान दुखायला एवढे जावे लागत नाही. दोन-तीन मीटरांतच कळ येते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे किंवा आवंढा गिळावा, आणि तेही दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोराने फुंकणारे लोक पडदा फाडून घेतात. सर्दी असताना बुडी मारूच नये. बाबा आवंढा गिळतात, आणि पडसे असले की त्या दिवशी गळ टाकून बसतात.

आमच्या पटाईताने तासाभरात एकही मासा धरला नाही. बाबांच्या पिशवीत सहा-सात मळ्ये, एक वाम. शेवटी मुलाने कपारीत हात घातला आणि किंकाळी मारून वर आला. शिंगटीने काटा मारला होता. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा करवतीसारखा काटा असतो, आणि त्याच्या बुडाशी विष. माणूस मरत नाही, पण हात खांद्यापर्यंत ठणकतो. एकाने चुना आणा म्हटले, दुसऱ्याने तंबाखू. बाबांच्या सुनेने मात्र चुलीवरचे चहाचे आधण उतरवले, गार पाणी घालून आपल्या कोपराने पाहिले आणि त्याचा हात त्यात बुडवून धरला. डॉक्टरही हेच करायला सांगतात. हे विष उष्णतेने निकामी होते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास हात ठेवावा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी चांगल्या हाताने तपासायचे. संध्याकाळी आम्ही त्याला कर्जतला नेऊन काट्याचा तुकडा काढून घेतला आणि धनुर्वाताची सुई दिली. नदीतल्या जखमेबाबत ही सुई चुकवू नये, आणि पावसाळ्यात जखमेनंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगावे. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप अशाच जखमांतून शिरतो.

कोयत्याच्या किंवा भाल्याच्या जखमेचे थोडक्यात सांगतो. रक्त येत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे आणि पाच मिनिटे उचलून पाहण्याचा मोह टाळावा. लोखंड अंगात रुतले असेल तर ओढून काढू नये. तेच बूच असते. भोवती कापड गुंडाळून ते हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यावे.

कोयता इथे येतो तो वलगणीच्या वेळी. मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले, ओहोळ लाल पाण्याने भरले की अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत शिरतात. यालाच वलगण म्हणतात. रात्री पूर्वी टेंभे, पुढे गॅसबत्त्या आणि आता विजेऱ्या घेऊन सारा गाव बांधावर असतो, आणि घोटाभर पाण्यात सळसळणाऱ्या माशावर कोयता किंवा काठी पडते. वर्षभर वाट पाहिलेला सण. पण मारला जातो तो गाभोळीने भरलेला मासा, हेही खरे. चार घरांच्या कालवणापुरते मारले तेव्हा नदीला ते जाणवत नव्हते. हल्ली ओहोळाच्या तोंडाशी आडवे जाळे लावून सगळेच अडवतात, आणि काही जण तर डोहात चक्क विषारी पूड किंवा सुरुंग टाकतात. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. कायद्याच्या शब्दांत गेळाची फळे ठेचून मासे गुंगवणारी कातकरी बाईही त्यात सापडते. पण गेळाने एका कोंडीतले मासे उलटतात, आणि सुरुंगाने अंडीपिल्ली सगळीच जातात. महाड तालुक्यात वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कुणी मारीत नाही, तिथे काठावरून पाहिले तरी मोठाले मासे दिसतात. इथल्या एखाद्या डोहाला असा देव भेटता तर बरे झाले असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप केला तिच्याकडे येतो. दर जुलै-ऑगस्टात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि डोहांत शहरांतली मुले बुडतात. बातमी दोन ओळींची असते. जिल्हाधिकारी बंदीचा हुकूम काढतात, पोलीस उभे राहतात, आणि मुले दुसऱ्या वाटेने जातात. ही मुले आमच्याच वर्गांतली. त्यांतली कित्येक पोहणारी असतात, आणि तलावात पोहणाऱ्याला नदी येते असे धरून चालतात. धबधब्याच्या खालचे पांढरेशुभ्र पाणी पाण्यापेक्षा हवेनेच भरलेले असते. ते माणसाला पेलत नाही, कितीही हातपाय मारले तरी. शिवाय कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा धबधब्याकडेच फिरते आणि माणसाला घेऊन फिरते. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. बाबा सांगतात, आधी पाण्याला मातीचा रंग येतो, मग पालापाचोळा आणि काटक्या येतात, आणि मग आवाज बदलतो. “आवाज बदलला का पळायचा, मास्तर. कापडं घ्यायला नाय ऱ्हायचा.”

आणखी एक गोष्ट, ती चांगल्या पोहणाऱ्यांनाच मारते. पुष्कळ वेळ खाली राहावे म्हणून काही मुले आधी भराभर दीर्घ श्वास घेतात. वाटते, हवा साठली. हवा साठत नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, तर कर्बवायू साठला म्हणून. धापा टाकून तो आधीच घालवला की धोक्याची घंटाच बंद होते. माणसाला काही त्रास वाटत नाही आणि तो पाण्याखाली, पुष्कळदा वर येता येता, निमूटपणे बेशुद्ध होतो. ओरडत नाही, हात हलवीत नाही. म्हणून जगभरच्या बुडी मारणाऱ्यांत नियम आहे की एक खाली गेला की दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर नजर ठेवायची. वाडीतही हाच नियम आहे. बाबा डोहात असतात तेव्हा काठावर कुणीतरी बसलेले असते, आणि ते बोलत नसते.

बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेऊ नये. एकाचे दोन होतात. साडी, दोर, बांबू, बूच लावलेला रिकामा डबा, जे हाताशी असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर त्याला उलटा टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, मडक्यावर पालथा घालणे, हे सगळे वेळ घालवणे आहे, आणि मेंदूजवळ वेळ चार-पाच मिनिटांचा असतो. त्याला उताणे निजवून, मान किंचित मागे करून, नाक धरून तोंडाने आधी दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस वेळा जोराने आणि वेगाने दाबावे, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस. १०८ ला दुसऱ्या कुणीतरी फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसांत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते. हे शिकायला एक दुपार लागते. आमच्या महाविद्यालयात आता पावसाळ्यापूर्वी ती दुपार ठेवलेली असते.

खोपोलीची ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ ही मंडळी आणि लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र पावसापाण्यात धावून येतात, त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु ती पोहोचेपर्यंत हाक जाते ती जवळच्या वाडीला. डोहाचा तळ, कपार कुठे, पाणी कुठे फिरते, हे तिथल्या लोकांना ठाऊक असते. आपल्या भाषेत ‘थांग लागणे’, ‘ठाव घेणे’ हे मनाविषयी बोलायचे शब्द झाले आहेत. तिथे ते अजून पाण्याचे आहेत. काळजी अशी की हे ठाऊक असणारे कमी होत चालले आहेत. नदीकाठच्या जमिनींवर शेतघरे झाली, तारेची कुंपणे पाण्यापर्यंत गेली, डोहावर जायच्या वाटा बुजल्या. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जाते ती पावसाच्या तोंडाशी परतते. पोरेही बरोबर जातात. म्हणजे पाणी निवळ असते, शिकता येते, ते सहा-सात महिने ती मातीत असतात, आणि नदीवर येतात ती ती लाल झाल्यावर.

बाबांचा नातू मात्र आश्रमशाळेत राहतो आणि मेच्या सुटीत वाडीवर असतो. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आजोबा-नातू डोहावरच होते. वीजघराचे पाणी चढले होते, म्हणून दोघे काठावर बसून ते उतरायची वाट पाहत होते. नातवाच्या गळ्यात ती काच होती. आमचा विद्यार्थी जाताना त्याला देऊन गेला होता. “बाबा, तुम्ही लावून बघितली का?” मी विचारले. बघितली होती. नाकात पाणी जात नाही, हे त्यांना पसंत पडले होते. फक्त ती वलगणीपर्यंतच वापरायची, गढूळ पाण्यात ती काही कामाची नाही, असे त्यांनी नातवाला बजावून ठेवले आहे.